दुधाचीच तर दाढ

महंमद हनीफ उठून दारातल्या गटारात थुंकला, की मी समजते, आज आपण काहीतरी घाण करून ठेवली आहे. पान नाही, तंबाखू नाही, सुपारीच्या खांडालाही हा माणूस कधी शिवला नाही. थुंकतो तो निव्वळ किळस आली म्हणून. मी पाठवलेलं माप खिडकीच्या उजेडात धरतो, अंगठ्याने कड चाचपतो आणि उठून बाहेर जातो. आत येऊन म्हणतो, "नूतन मॅडम, ह्याला माप म्हणत्यात? पोराच्या तोंडात हात घालायला भ्या वाटतं व्हय तुमाला?"

मी जुन्नरात दातांची डॉक्टर आहे. एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर, सोळा वर्षं झाली. मी रोग्याच्या तोंडात लगदा दाबून दातांचं माप घ्यायचं, हनीफभाईने त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा आणि त्या साच्यावर कवळी, टोपी, तार काय हवं ते करून द्यायचं, असं आमचं चालतं. रोगी मला हात जोडतात, पेढे आणून देतात. दाताच्या डॉक्टरला पेढे! आपल्या तोंडात जे बसलंय ते हनीफभाईने घडवलंय, हे त्यांच्या गावीही नसतं. मीही कधी सांगायला गेले नाही.

लोक म्हणतात, डॉक्टरला किळस येत नाही. साफ खोटं. मला रोज येते. चार वर्षांचं पोर आणतात, पुढचे चारही दात बुंध्यापासून काळे, कारण रात्रभर तोंडात साखरेच्या दुधाची बाटली. दाढ दुखते म्हणून आजीने त्या खड्ड्यात मिश्री कोंबलेली असते, म्हणजे जाळलेली तंबाखू, सहा वर्षांच्या पोराच्या दाढेत! तिच्याखाली पू. तो वास नाकातून संध्याकाळपर्यंत जात नाही, जेवताना घास फिरतो. पण त्याहूनही शिसारी येते ती एका वाक्याची. आई म्हणते, बाप म्हणतो, शाळेचे गुरुजीसुद्धा म्हणतात, "दुधाचीच तर दाढ, पडणारच हाय."

हनीफभाई आणि माझं ज्या एका गोष्टीवर पहिल्या दिवसापासून जमलं, ती म्हणजे या वाक्याचा तिटकारा. बाकी कशावर जमलेलं नाही.

त्याचा बाप स्टोव्ह दुरुस्त करायचा. जुन्नरच्या बाजारात, त्याच जागी. पंपाचे स्टोव्ह, त्यांच्या पिना, गळक्या टाक्यांना डाग देणं, पितळी भांड्याचा कान निघाला तर तो बसवून देणं. हनीफ दहा वर्षांचा असल्यापासून डाग द्यायला शिकला. मग घरोघरी गॅस आला आणि स्टोव्ह भंगारात गेले. बापाने दुकान सोडलं नाही, गिऱ्हाइकाने सोडलं. हनीफ एकोणिसाव्या वर्षी पुण्याला गेला आणि एका कवळ्या बनवणाऱ्या माणसाकडे प्लास्टरची घमेली धुवायला राहिला. नऊ वर्षं राहिला. घमेली धुता धुता तार वाकवायला शिकला, आणि तार वाकवण्यात त्याचा हात असा बसला, की मालक अवघड कामं त्याच्यापुढे सरकवू लागला. लग्न झालं, बिबिजान पुण्याला येईना, म्हणून हा परत आला आणि बापाच्या बंद दुकानाचं कुलूप उघडलं.

दहा बाय आठची खोली. घासायची मोटार, एक बर्नर, प्लास्टरचं पोतं आणि अॅक्रिलिकचा डोकं धरायला लावणारा वास. वर घर. बिबिजान म्हणते, आमच्याकडं पिठाच्या डब्यातसुद्धा प्लास्टर निघतं, कोणत्या दिवशी भाकरी तव्यावर दगड होईल सांगता येत नाही. तिची एवढीच तक्रार असती तर बरं. नवऱ्याच्या तोंडामुळे गिऱ्हाईक तुटतं, ही दुसरी. येडगावचा एक नवरदेव हळदीच्या आदल्या दिवशी आला, पुढचा दात सोनेरी करून द्या म्हणाला. चांगला धडधाकट दात. हनीफभाई म्हणाला, "सोनं पायजे तर सोनाराकडं जा. चांगल्या दातावर मी झाकन घालत नसतो." नवरदेव आळेफाट्याला जाऊन करून आला आणि मुद्दाम दुकानासमोरून दात दाखवत गेला. हनीफभाई थुंकला.

मी कॉलेजात पाच वर्षं शिकले, पण मुलांचा जबडा कसा वाढतो ते मला या माणसाच्या फळीवर कळलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला ती फळी आहे आणि तिच्यावर एकाच पोरीच्या जबड्यांच्या तेरा जोड्या ओळीने मांडल्या आहेत. पोरगी म्हणजे हुदा, त्याची नात. ती सहाची झाल्यापासून बारा पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी हा आजा तिच्या तोंडात लगदा भरायचा. ती ओकाऱ्या काढायची, लाथा झाडायची, बिबिजान वरून शिव्या द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला दाखवायचं नव्हतं. "बघायचं व्हतं," एवढंच त्याचं उत्तर.

पहिल्या जोडीत हुदाच्या पुढच्या दुधाच्या दातांत फटी आहेत. या फटी बघून आया घाबऱ्याघुबऱ्या होऊन माझ्याकडे येतात. अहो, घाबरायचं ते फटी नसतील तर! येणारे दात मोठे असतात, त्यांना जागा नको? दुसऱ्या जोडीत सगळ्यात मागे एक दाढ उगवलेली दिसते. ती कोणाचा दात न पाडता गुपचूप येते, म्हणून निम्म्या आया तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात. ती कायमची असते, साठ वर्षं पुरायची. चौथ्या-पाचव्या जोडीत पोरगी अगदी ध्यान दिसते. पुढचे दोन दात फावड्याएवढे, त्यांच्यात फट, बाजूचे दात पंख्यासारखे फाकलेले. या वयात लोक तारा लावा म्हणून माझ्या मागे लागतात. शेवटच्या जोड्यांत वरून सुळे उतरतात, सगळ्यांना आत ढकलतात आणि फट आपोआप मिटते. जबडा मागच्या बाजूने लांबत गेलेला असतो, टाळू रुंदावलेली असते, आणि हे सगळं होईपर्यंत दुधाच्या दाढा आपापल्या जागी पाय रोवून उभ्या असतात.

जागा धरून ठेवणं हेच दुधाच्या दाढेचं खरं काम. चावणं हा जोडधंदा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतोच, आणि ज्याची जागा तो मंचरपर्यंत उभा. कायमची दाढ अशीच पुढे सरकते, आणि दहा-अकराव्या वर्षी हिरडीतला दात बाहेर यायला बघतो तर जागा गेलेली.

"हाड म्हंजे मेल्यालं लाकूड नसतं, मॅडम," हनीफभाई म्हणतो. "पोराच्या तोंडात ते वल्ल्या मातीवानी असतं. रोज सरकतं. आपन नीट धरलं तर नीट सरकतं."

हे सगळं मला माहीत होतं. ते माहीत असताना मी जे केलं, ते आता सांगते.

आरती सात वर्षांची होती. गाव तिचं अवसरी बुद्रुक, पण दिवाळीच्या सुट्टीला मामाकडे, पिंपळवंडीला आली होती. तिला घेऊन तिची आई इंद्रायणी आणि मामा बाळासाहेब आले. बाजारचा दिवस होता, बाहेर चौदा माणसं बसलेली. बाळासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या दाढेवरची टोपी मीच बसवली होती, त्यामुळे दवाखाना स्वतःचा असल्यासारखे आत आले. इंद्रायणी पदर तोंडाशी धरून कोपऱ्यात उभी राहिली.

पोरीच्या वरच्या, दोन्ही बाजूंच्या दुधाच्या मागच्या दाढा काळ्या दिसत होत्या. डावी पार पोखरलेली, हिरडीवर पुवाची पुळी. उजवीला वर नुसता डाग. खरवडून भरली असती तर चार-पाच वर्षं सुखाने राहिली असती.

"दोन्ही काढून टाका," बाळासाहेब म्हणाले.

"डावी काढू. उजवी चांगली आहे."

"चांगली-वाईट नंतर. वरची हाय ना?"

मग त्यांनी सांगितलं. आपल्याकडे समजूत आहे, तान्ह्या बाळाला वरचे दात आधी आले तर ते मामाला जड. आरतीला वरचे आधी आले होते. त्यावर जो काय उतारा करायचा तो तेव्हाच झाला होता आणि सगळे विसरूनही गेले होते. पण माझ्याकडे आले त्या वर्षात बाळासाहेबांची उसाची ट्रॉली उलटून पाय मोडला, बिबट्याने दारातलं कुत्रं नेलं आणि सोसायटीच्या निवडणुकीत ते अकरा मतांनी पडले. पडलेला उमेदवार कारण शोधतो. यांना ते भाचीच्या तोंडात सापडलं. वरच्या दाढा दुखतायत म्हणजे जुनं ओझं अजून उतरलेलं नाही, असा त्यांनी हिशेब लावला.

माझ्या तोंडाशी आलं होतं, की बाळासाहेब, तुम्हाला लोकांनी पाडलं, या पोरीच्या दाढेने नाही. मी इंद्रायणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दादा म्हनतोय तर काढा. दुधाच्याच हायेत."

बाहेर कोणीतरी खोकत होतं, कोणाचं पोर रडत होतं. समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली असती, दाढ काढायला तीन. मी आधी माप घेतलं, जागा धरायला तार करता येईल म्हणून, आणि मग दोन्ही दाढा काढल्या. डावी हातात तुकडे होऊन आली. उजवी आख्खी, पांढरीशुभ्र मुळं घेऊन आली, आणि ती काढताना पोरगी ज्या आवाजात ओरडली तो मला अजून ऐकू येतो. बाळासाहेबांनी त्या दाढा कागदात बांधून मागितल्या, कुठेतरी वाहत्या पाण्यात सोडायच्या होत्या. मी दिल्या. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती, आणि तरी मी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

दोन्हीकडच्या दाढा काढल्या, जागा धरायची, अशी चिठ्ठी लावून माप हनीफभाईकडे गेलं. साचा ओतल्यावर तो जिना चढून दवाखान्यात आला. कधी येत नाही.

"डावी समजली. उजवी का काढताय?"

"काढलीसुद्धा. काढावीच लागली," मी म्हणाले. "आतून किडली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. प्लास्टरमध्ये आतलं दिसत नाही, त्यामुळे माझं खोटं पकडता येणार नव्हतं. तो जिना उतरून गेला आणि खाली गटाराशी थांबला, ते मला खिडकीतून दिसलं.

तार मात्र त्याने अशी केली की बघत राहावं. दोन्ही बाजूंच्या कायमच्या दाढांना कडी, आणि टाळूवरून एका कडीपासून दुसरीपर्यंत कमानदार तार, म्हणजे दोन्ही दाढा जागच्या जागी अडकलेल्या. मी फोन केला. बाळासाहेबांनी उचलला. "वर लोखंड ठेवायचं म्हंजे माझ्याच डोक्यावर ठिवल्यावानी की, डॉक्टर," म्हणाले आणि हसले. मी दोनदा फोन केला, मग सोडून दिलं. तार डबीत पडून राहिली.

मी विसरले. हनीफभाई विसरला नाही. चार महिन्यांनी एका सकाळी त्याने हुदाच्या जबड्यांच्या तीन जोड्या टॉवेलात गुंडाळल्या, पिशवी स्कूटरला अडकवली आणि नारायणगाव, मंचर करत अवसरी बुद्रुकला गेला. मला न सांगता. दुसऱ्या दिवशी येऊन हकीकत सांगितली, तीही माझ्यावर मेहरबानी केल्यासारखी.

इंद्रायणी ओट्यावर बटाटे निवडत बसली होती. अनोळखी म्हातारा पिशवीतून दात काढून मांडायला लागला, तेव्हा तिने टोपली मागे ओढली. "ह्ये कुना मेल्याचं आनलंय?" म्हणाली. हनीफभाईने सांगितलं, माझ्या नातीचे आहेत, नात शाळेत गेलीय, चांगली जिवंत आहे. मग त्याने एकेक जोडी तिच्या हातात दिली. ही सहाची, ही साडेआठची, ही बाराची. दाढ कुठे होती, तिच्याखालून कोण आलं, किती जागा लागली. बाईला लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण तिला समजलं. तिने पोरीला बोलावून तोंड उघडायला लावलं आणि स्वतः बोट घालून पाहिलं. मागची दाढ पुढे आली होती. जिथे बोट बसायला हवं होतं तिथे नखसुद्धा पुरतं जात नव्हतं.

"दादा नको म्हनतो," ती म्हणाली. "मला माहेर म्हून त्यो एकच हाय, भाऊ."

"माहेर तुमचं हाय," हनीफभाई म्हणाला. "दात तिचा हाय."

पुढच्या आठवड्यात ती एसटीने आरतीला घेऊन आली, भावाला न कळवता. मी डबीतली तार काढली. बसेना. दोन्हीकडच्या दाढा पुढे झुकल्या होत्या, उजवीकडची जास्त. मी दाबायला गेले तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता नुसती जागा धरून भागणार नव्हतं, गेलेली जागा परत मिळवायची होती. हनीफभाईने गुलाबी अॅक्रिलिकची पट्टी केली, टाळूला चिकटून बसणारी, तिला दोन बारीक स्प्रिंगा, दाढांना मागे ढकलायला. जेवताना काढायची, धुवायची, परत घालायची, झोपतानासुद्धा. आरतीने एक दिवस चुकवला नाही. सुरुवातीला तिला बोलताना थुंकी उडायची, वर्गातली पोरं चिडवायची. दर महिन्याला मायलेकी यायच्या, मी स्प्रिंग जराशी उघडायचे, दाढ केसाच्या जाडीने मागे जायची. पाच महिन्यांत बरीच जागा उघडली.

मग भाऊबीज आली.

हे मला इंद्रायणीने फार उशिरा सांगितलं. बाळासाहेब अवसरीला आले, पाटावर बसले. भाची मामाकडे बघून हसली आणि टाळूचं गुलाबी दिसलं. "वर काय घातलंय हिच्या?" त्यांनी बहिणीला विचारलं. "ते काढ," बाळासाहेब म्हणाले, "त्याबिगर मी ववाळून घ्यायचा न्हाई." ताटात निरांजन जळतंय, भाऊ पाटावर तोंड फिरवून बसलाय. बहिणीने काय करावं? पोरीने स्वतःच पट्टी काढली आणि हातात कुठे धरायची म्हणून फराळाच्या कागदी डिशमध्ये ठेवली. ओवाळणं झालं. जेवणं झाली. कोणीतरी डिशा गोळा केल्या आणि उकिरड्यावर टाकल्या.

सकाळी मायलेकींनी उकिरडा उपसला. खरकटं, शेण, डिशांचा चिखल, सगळं हाताने चाळलं. निम्मी पट्टी मिळाली. उरलेली कुत्र्याने चघळून टाकली होती, स्प्रिंग कुठेच नव्हती. लाजेने इंद्रायणी तीन महिने जुन्नरला फिरकली नाही. आली ती जानेवारीत, पदरात तो चावलेला तुकडा बांधून. हनीफभाईने तुकडा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. बिबिजान म्हणाली, आता हा त्या बाईला फाडून खाणार. तो म्हणाला, "उद्यापर्यंत थांबा, दुसरी करतो."

पण तीन महिन्यांत जागा मिटली होती. पोराच्या तोंडातलं हाड कोणाची भाऊबीज बघत थांबत नाही. दुसरी पट्टी झाली, जबडा वाढला तशी तिसरी झाली, चौथी झाली. पुढच्या भाऊबीजेला इंद्रायणीने पट्टी काढू दिली नाही. बाळासाहेब न ओवाळता उठून गेले, ते आजतागायत त्या घरात आलेले नाहीत. त्यांचं भलं काही झालं नाही. गेल्या निवडणुकीत सदतीस मतांनी पडले. माहेर मात्र बाईचं कायमचं तुटलं.

आणि इतकं करून काय झालं ते ऐका. डावीकडे, जिथे पू होता, तिथला दात लवकर बाहेर आला. पुवाने आडवं येणारं हाड खाल्लेलं असतं, त्याला वाट मोकळी मिळते. दहाव्या वर्षीच तो उगवला आणि मिळाली त्या जागेत नीट बसला. उजवीकडे उलटं झालं. दाढ वेळेआधी चार वर्षं काढली, त्या जागी हाड धरलं, आतला दात अडकून मागे राहिला. तोवर कायमची दाढ पुढे येत राहिली. किडलेल्या दाढेने पोरीचं नुकसान केलं नाही. धडधाकट दाढ काढल्याने केलं.

आरती आता बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मायलेकी आल्या. उजवीकडचा दात अखेर उगवला होता, रांग सोडून, आत टाळूच्या बाजूला. जिभेला घासत होता, त्याच्यामागे अन्न अडकून वास मारत होता. मी पाहिलं आणि मला माहीत असलेलं सोपं उत्तर दिलं.

"हा दात काढून टाकू. रांगेत जागा नाही त्याला. काढला की त्रास संपला."

इंद्रायणी खुर्चीच्या बाजूला उभी होती. पाच वर्षांपूर्वी ती कोपऱ्यात उभी होती.

"ह्यो किडलाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मागं उजवी दाढ काढली, ती बी किडली नव्हती."

मी पक्कड हातात घेऊन तशीच बसले. आरती तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होती.

"हनीफभाऊ घरी आलं व्हतं ना, त्या दिशीच त्यांनी आरतीचा पयला साचा दावला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, बटाट्याचा भाव सांगावा तसा. "डावीला ह्ये एवढं भगदाड. उजवी आख्खी. मी म्हनलं, डॉक्टर बी चांगली म्हनल्या व्हत्या, मग आमी काढा म्हनलं म्हून का काढली? त्यांनी सांगितलं, मला आतून किडली म्हनल्या, माझ्याशी खोटं बोलल्या, तुमाला काय सांगतील."

साडेचार वर्षं. दर महिन्याला ही बाई सगळं माहीत असून माझ्यासमोर लेकीला खुर्चीत बसवत होती आणि जाताना "येते डॉक्टर" म्हणत होती. मी त्याला भाबडेपणा समजत होते. बाळासाहेबांना मी मनात किती शिव्या दिल्या होत्या, या बाईच्या अडाणीपणाला किती हसले होते.

"मग माझ्याकडे का येत राहिलात?" मी विचारलं. "जुन्नरात दुसरे डॉक्टर आहेत. मंचरला आहेत."

"तुमच्याकडं कुठं येते?" ती म्हणाली. "हनीफभाऊ तुमचंच काम करत्यात. म्हून हितं यावं लागतं."

मी पक्कड ट्रेमध्ये ठेवली आणि माप घ्यायला लगदा कालवायला घेतला.